हरला तो उठला

मनवेलपाड्यात चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, मनोरमाकाकूने तुला कधी हाणलंय का रे. तो आधी गाल चोळेल, मग हसेल, आणि मग सांगेल की आपल्याला तर काय, आपल्या थोरल्या भावालासुद्धा सगळ्या चाळीसमोर हाणलंय. सांगताना त्याचा आवाज असा की जणू शाळेत पहिला नंबर आला होता.

काकूचं दुकान म्हणजे चाळीच्या टोकाचा गाळा, तिच्या राहत्या खोलीला लागूनच. आत भिंतीला लावून व्हिडिओ गेमची उभी मशिनं, प्रत्येक मशिनसमोर दोन लोखंडी स्टुलं, आणि दाराशी खुर्ची टाकून स्वतः मनोरमाकाकू. पदर खोचलेला, नाकात चमकी, मांडीवर शटर ओढायची लोखंडी आकडी. पोरं शाळा बुडवून यायची, क्लास बुडवून यायची, आणि खेळ कसला, तर हाणामारीचा. मुख्य मशिनवरचं नाव जपानी अक्षरांत होतं, ते वाचायला कोण बसलंय! सगळे त्याला 'ठोसा' म्हणायचे. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकाचा जीव जाईपर्यंत एकमेकांना बदडतात, संपला गेम. बरगडीत लाथ बसली की आतून कडकन आवाज यायचा. जबड्यावर ठोसा बसला की पडद्यावर लाल ठिपके उडायचे, आणि स्टुलावरचं पोरगं खूश होऊन किंचाळायचं. कोणी जोडीदार नसला तर मशीन स्वतः खेळायचं, आणि शेवटी यायचा तो काळा कोटवाला. त्याने भल्याभल्यांना रडवलंय.

भिंतीवर लाल रंगात दोनच नियम होते. 'हरला तो उठला.' आणि त्याखाली, 'मशिनला मारलं तो कायमचा गेला.' पहिल्याचा अर्थ साधा. हरलास ना? मग कारणं सांगू नकोस, बटण अडकलं म्हणू नकोस, स्टूल सोड आणि पुढच्याला बसू दे. दुसऱ्याचा अर्थ त्याहून साधा. पडद्यावर कोणाची आतडी बाहेर काढायची ती काढ, पण रागाने मशिनवर बुक्की मारलीस, लाथ मारलीस, तर ह्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल नाही.

जितेंद्रला विचारा ना. तेव्हा दहावीत होता, ठोशातला बादशहा. एकदा काळ्या कोटाने त्याला अगदी शेवटच्या क्षणी आपटला आणि ह्याने मशिनच्या पोटात लाथ घातली. काकूने कॉलर धरली, कानाखाली असा जाळ काढला की तो गटारापर्यंत कोलमडत गेला. दुसऱ्या दिवशी त्याची आई नारळ घेऊन आली, माफी मागितली. काकूने नारळ ठेवून घेतला, पोराला नाही घेतलं. आज जितेंद्रचं समोरच मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन पोरांचा बाप आहे, केस पिकलेत. रोज काकूला चहा पाठवतो, आजारपणात औषधं आणून देतो. पण सगळं उंबऱ्याबाहेरून. आत कधी आला नाही.

आणि ती पलीकडच्या चंदनसारच्या पोरांबरोबरची मारामारी! कोणाचा नंबर आधी, एवढ्यावरून सुरू झालं, आणि बघता बघता सोड्याची बाटली फुटली, एकाचा कान फाटून लोंबायला लागला, जमिनीवर रक्ताच्या चिळकांड्या. बाकीची पोरं पळायच्या बेतात. काकूने काय करावं? आकडी अडकवून शटर आतून खाली ओढलं, खाड्कन. "मारा आता," म्हणाली. "बघूया कोणाच्या अंगात किती दम आहे. पण आधी माझ्यापासून सुरुवात करायची." जो पुढे आला त्याच्या नडगीवर आकडी बसली. जो मागे सरला त्याच्याही नडगीवर बसली. कान फाटलेल्याला तिने स्वतःच डॉक्टरकडे नेलं आणि वाटेत दुसऱ्या कानाखाली एक दिली.

लोक म्हणायचे, बाई धंद्याला पक्की. डोंबल! धंद्यासाठी मशीन आणलंच नव्हतं तिने.

मशीन आणलं होतं शांतारामसाठी. शांताराम म्हणजे तिचा नवरा, मूळचा संगमेश्वरकडचा, मुंबईत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. चाळीत त्याच्यासारखा देवमाणूस नाही. गणपतीची आरास तो करणार, म्हाताऱ्यांना जिना तो चढवणार. फक्त संध्याकाळी घरी आला, चप्पल काढली, आणि मनगटावरचं घड्याळ सोडून फळीवर ठेवलं, की मनोरमेने समजायचं. घड्याळ लग्नातलं, तिच्या वडिलांनी दिलेलं. काच फुटू नये ही काळजी. बायकोचा दात हलला तरी चालेल, घड्याळाला ओरखडा नको! आवाज नको म्हणून रेडिओ लावायचा, आणि मग भाजीत मीठ जास्त का, दार उघडायला वेळ का, अशी कारणं. कारणांना काय तोटा. सकाळी नळावर बायका विचारायच्या आणि ती सांगायची, मोरीत घसरले. अख्ख्या चाळीत एकट्या तिचीच मोरी एवढी निसरडी कशी, हे कोणी विचारलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं की काही संध्याकाळी घड्याळ हातातच राहतं. तिने माग काढला. तेव्हा कळलं की त्या दिवशी हा माणूस स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमवाल्याकडे थांबून येतो, काळ्या कोटाला मनसोक्त बडवतो, आणि घरी येऊन गप जेवतो. तिने साधा हिशेब केला. बाहेरच्या मशिनने माझी हाडं वाचतात, तर मशीन घरातच असलं तर? पाटल्या मोडल्या. पापडी गावचा सिप्रियन म्हणून एक टीव्ही मेकॅनिक होता, त्याने वसईतल्या एका बंद पडलेल्या दुकानातून ठोशाचं मशीन टेम्पोत घालून आणलं. शेजारच्या पोरांनी ते बघितलं, त्यांना खेळू दिलं, पुढे शेजारचा गाळा घेतला, आणखी मशिनं आली. त्याचं दुकान झालं ते असं. पण संध्याकाळी ठोशाचं स्टूल मात्र शांतारामचं.

पण मशिनला कुठे कळतंय की समोर कोण बसलाय? काळा कोटवाला कधी कधी जिंकायचा. आणि तो जिंकला की शांताराम उठून घड्याळ काढायचा. मग मनोरमेने शेवटचा उपाय केला. ती शेजारच्या स्टुलावर बसली. म्हणाली, मशिनशी काय खेळता, माझ्याशी खेळा.

ती शिकली, आणि त्याच्यापेक्षा चांगलं शिकली. हरायला जास्त यावं लागतं, खोटं वाटत असेल तर करून बघा. लगेच हरलं तर त्याला संशय यायचा. म्हणून ती त्याला झुंजवायची, त्याच्या माणसाच्या नाकातून रक्त काढायची, आणि पडद्यावरची त्याच्या जिवाची पट्टी बारीक होत आली की हात पदराला पुसायची. "बाई गं, घाम किती!" तेवढ्यात तो तिला आपटायचा. पडद्यावरची तिची बाई मान मोडून पडायची, आणि मनोरमा उठून पानं घ्यायची.

दुकान व्हायच्या आधी, मशीन घरातच होतं तेव्हा, सिप्रियन एकदा दुरुस्तीला आला होता. बटणांची पाटी उघडून बघतच राहिला. "बाय, मिस्टरांच्या बाजूची बटणं पार झिजली. तुझ्या बाजूचं ठोशाचं बटण नवंकोरं. तू मारतेस की नाय कधी?"

"घामाने हात सटकतो," ती म्हणाली. बोलताना सुजलेला ओठ दिसला त्याला. त्याने पाटी बसवली, स्क्रू आवळले आणि निघून गेला. अरे, बोलायचं होतंस की माणसा! पण तेव्हा दुसऱ्याच्या घरातलं कोणी बोलत नसे. आजही कुठे बोलतात.

आणि दोन स्टुलांच्या मध्ये, जमिनीवर, ग्लुकोजचं बिस्कीट चोखत एक पोर बसलेलं असायचं. अनुज. पप्पा मारतात, आई हरते, मग सगळे जेवतात, हे त्याने रोज बघितलं. मनोरमेला वाटायचं, पोर वाचलं, त्याच्यासमोर मारामारी नाही झाली. केवढी चूक केलीस गं बाई. मारामारी रोज त्याच्यासमोरच चालली होती, फक्त रंगीत पडद्यावर.

शांताराम गेला तो स्टेशनच्या जिन्यावर, छातीत कळ येऊन. तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, आणि मनोरमा त्याच्या स्टुलावर बसली, झिजलेल्या बटणांच्या बाजूला. समोर काळा कोट लावला. त्या कोटाची एक खोड होती. लाथ मारायच्या आधी तो खांदा किंचित मागे घ्यायचा. तिने ती कधीच हेरून ठेवली होती, उपयोग तेवढा केला नव्हता. जन्मात उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं तिने; त्या दुपारी ठोशागणिक घेतलं. शांताराम, आणि जबडा. शांताराम, आणि बरगडी. शांताराम, शांताराम, आणि पोटात गुडघा. पडद्यावर तो पालथा पडला तरी ती बटण बडवतच होती. मग पदरात तोंड घालून रडली. दुःखाने रडली की सुटल्याच्या आनंदाने, हे तिलाच विचारू नका.

हे सगळं जुनं झालं. आता मोबाइल आले, पोरांच्या खिशातच मारामारी आली. एकेक मशीन भंगारात गेलं, राहिलं ते ठोशाचं. मनोरमाकाकू सत्तरीला टेकली, गुडघे गेले, आकडी काठी म्हणून वापरायला लागली. गाळ्यात आता शेजारच्या बायकांचे पापड वाळायचे.

मग मध्येच एक गंमत झाली. सिप्रियनची नात प्रिन्सी कॉलेजातल्या मैत्रिणी घेऊन आली आणि तिने मशिनची रील टाकली. झालं! रविवारी वसईपासून पोरं यायला लागली, कानात बुगड्या, केसांना निळा रंग. मोठ्या हौसेने स्टुलावर बसायची आणि हूं की चूं करायच्या आत काळा कोट त्यांच्या नरड्यावर पाय देऊन उभा.

"आंटी, ह्यात सेव्ह कुठे करायचं?"

"सेव्ह नाही. मेलं की मेलं."

"मग शिकायचं कसं? काही सांगतच नाही गेम."

"मार खाऊन," काकू म्हणायची. "आम्ही कसे शिकलो?"

रीलखाली लोकांची भांडणं लागली. एक म्हणे, आजच्या पोरांना असले गेम झेपणार नाहीत. दुसरा म्हणे, काही नाही हो, चित्रं चौकोनी, आवाज पत्र्याचा, उगाच जुन्याचं कौतुक. आपलं बालपण त्यात अडकलंय म्हणून गोड लागतं. नेत्राने, म्हणजे अनुजच्या मुलीने, ते सगळं आजीला वाचून दाखवलं. काकूला गंमत वाटली. तिचं म्हणणं वेगळंच. नव्या गेमांत पायरीपायरीला शाबासकी मिळते, टाळ्या वाजतात, पडलास तर उचलून उभा करतात. हा गेम लाड करत नाही. ज्याला तिसऱ्यांदा मार खाल्ल्यावर चौथ्यांदा बसावंसं वाटतं, त्याला हा आजही तितकाच चावतो. बाकीच्यांनी फोटो काढावेत आणि जावं. निळ्या केसांतली बरीचशी फोटो काढून गेली. प्रिन्सी मात्र पुढच्या रविवारी एकटी आली, फोन पिशवीत टाकून.

आणि नेत्रा. सहावीतली पोर, हातापायाच्या काड्या, पण स्टुलावर बसली की डोळा लवायचा नाही. तिने महिन्याभरात काळा कोट लोळवला. कॉलेजची पोरं लोळवली. प्रिन्सीला तर असं तुडवलं की ती पोरगी हात जोडून उठली. एवढी पोर, पण ठोसा मारताना ओठ दाताखाली घट्ट धरलेला.

"आवडतो का गं तुला?" काकूने विचारलं. "घरी पप्पांकडे एवढा मोठा टीव्ही आहे, नवे गेम आहेत."

"हा बरा आहे," नेत्रा म्हणाली. "ह्यात आधी कळतं तरी, समोरचा कधी मारणार ते."

काकू तेव्हा हसली. रात्री मात्र भरलं ताट तसंच सारून उठली.

कारण तिला सगळं दिसत होतं हो. अनुज स्टेशनच्या पश्चिमेला टॉवरमध्ये राहायचा, अंधेरीत मोठ्या पगारावर होता. घरी आल्यावर कानाला हेडफोन लावून कुठल्या कुठल्या देशातल्या पोरांशी गोळीबार खेळायचा आणि हरला की हातातलं फेकायचा. सून संपदा, गुणाची, कमी बोलणारी. मे महिन्यात लांब बाह्यांचा कुडता. मनगटावर हिरवा-पिवळा डाग. "बाथरूममध्ये घसरले, आई." ज्या बाईने अर्धं आयुष्य मोरीत घसरण्यात घालवलं, तिला हे कळू नये? कळलं होतं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकू स्वतःला सांगायची, अनुज तसा नाही, चिडका आहे, कामाचा ताण असतो. अख्ख्या मनवेलपाड्याला हाणणारी ही बाई पोटच्या पोरापुढे शेळी झाली होती. राग येतो की नाही? मला तर येतो.

तर एका रविवारी तिघं जेवायला आली होती. कोंबडी-वडे झाले, अनुज तट्ट जेवला आणि मुलीला म्हणाला, "चल, तू चॅम्पियन झालीस म्हणे. दाखव पप्पांना."

नेत्रा स्टुलावर बसली. काकू दाराशी खुर्चीत. संपदा भिंतीला टेकून उभी, हाताची घडी, अंगात तोच लांब बाह्यांचा कुडता. रस्त्यापलीकडे जितेंद्र दुकानाच्या पायरीवर.

पोरीने सुरुवातीला बापाला झोडपलं. नाकावर दोन, पोटात एक, बाप मागे, पुन्हा नाकावर. अनुज आधी हसत होता, मग हसणं गेलं, मग जबडा आवळला. त्याची पट्टी सुतासारखी बारीक राहिली. एक टिचकी मारली असती तरी गेला असता. आणि नेत्राने हात उचलून फ्रॉकला पुसला.

"घाम," ती म्हणाली.

बापाने तिला आपटलं. पडद्यावर तिची बाई मान मोडून पडली. "अरे वा, पप्पा जिंकले," नेत्रा म्हणाली आणि टाळ्या वाजवल्या.

काकूने ते ओळखलं. तो हात तिचा होता. तो घाम तिचा होता. तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं, कोणाला शिकवलं नव्हतं. तिने संपदाकडे बघितलं. संपदाचे डोळे भरले होते.

"मीच शिकवलं, आई," ती एवढ्या हळू बोलली की फक्त काकूला ऐकू आलं. "घरच्या गेमवर. हा जिंकला की बरा असतो."

आता बघा, काकूला काय वाटलं असेल. लाज वाटली, भयंकर लाज. ती स्वतः हरली होती, ठीक, तिचं आयुष्य तिने कसंबसं रेटलं. पण बाईच्या हरण्याची चटक लागलेला पुरुष तिनेच मोठा केला होता, आणि आता तिची नात त्याच स्टुलावर बसून घाम पुसत होती.

ती आकडी टेकत उठली. "नेत्रा, हरलीस ना? ऊठ." आणि स्वतः नातीच्या जागी बसली. "चल अनुज. माझ्याशी."

"आई, तुझ्या हातांना संधिवात आहे."

"हाताचं मी बघते."

पहिला डाव चुटकीसरशी संपला. अनुजने एक लाथ मारली तेवढीच, मग काकूने त्याला कोपऱ्यात घेतला आणि कोपऱ्यातून बाहेर येऊच दिला नाही. जबडा, जबडा, बरगडी, गुडघा. तिच्या बाजूचं ठोशाचं बटण इतक्या वर्षांनी तिच्या हाताखाली खटाखट वाजत होतं. अनुजने मान वळवून आईकडे बघितलं. ह्या बाईला तो लहानपणापासून रोज हरताना बघत आला होता.

"परत," तो म्हणाला.

"नियम काय आहे? हरला तो उठला."

"परत म्हणतोय ना!"

दुसरा डाव त्याहून वाईट. काकूने त्याला हवेत उडवला, खाली पडायच्या आत पुन्हा उडवला. अनुजचे कान लाल झाले. त्याची पट्टी सुतासारखी राहिली, आणि काकू क्षणभर थांबली. त्याला वाटलं, आता हात पुसेल. त्याच्या ओठावर हसू आलं, बापाचंच हसू. काकूने त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. माणूस मागे फेकला गेला, डोकं आपटलं, लाल ठिपके उडाले.

मागून एक आवाज आला. नेत्रा हसली होती. चुकून, फुटल्यासारखं.

अनुजने मशिनच्या काचेवर बुक्की मारली. काच तडकली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग तो उठला. स्टूल मागे कलंडलं. त्याने मनगटावरचं काळं डिजिटल घड्याळ सोडलं आणि मशिनच्या डोक्यावर ठेवलं, अलगद.

संपदा भिंतीला आणखी चिकटली. नेत्रा आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, एवढीशी पोर. "हसायला शिकवलंस काय गं तिला?" अनुज बायकोकडे वळला आणि त्याने पोरीला दंडाला धरून बाजूला भिरकावलं. तिचं कपाळ पापडांच्या खाटेवर आदळलं, पापड फरशीवर सांडले. त्याचा खांदा किंचित मागे गेला.

काकूला तेवढंच हवं होतं. तिने आकडी दोन्ही हातांनी फिरवली आणि त्याच्या मनगटावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज खरा असतो तेव्हा पत्र्याचा वाटत नाही. अनुज कळवळून ओरडला, "आई गं!" आणि तो आवाज थेट तिच्या काळजात गेला. पोटचा गोळा होता. लहानपणी पहिल्यांदा पडला तेव्हा असाच ओरडला होता. तिला वाटलं, आकडी टाकावी, हात फुंकावा, हळद लावावी. तिने आकडी टाकली नाही. तो दुसऱ्या हाताने तिच्या अंगावर आला, तेव्हा तिने त्याच्या नडगीवर घातली, मग गुडघ्यावर. तो खाली बसला, आणि गुडघे गेलेल्या त्या म्हातारीने त्याची कॉलर धरली आणि त्याला फरशीवरून फरफटत उंबऱ्यापर्यंत नेला. त्याच्या मोडलेल्या हाताखाली पापडांचा चुरा होत होता.

"आई, काय करतेयस! मी तुझा मुलगा आहे!"

"मशिनला मारलं तो कायमचा गेला," काकू म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "आणि माझ्या सुनेला, नातीला मारलं तो त्याच्याही आधी गेला. नियम सगळ्यांना एकच."

तिने त्याला बाहेर लोटलं. तो उठून पुन्हा आत घुसायला बघत होता, शिव्या घालत होता, "संपदा, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता ये!" तोवर रस्ता ओलांडून जितेंद्र धावत आला होता. उंबऱ्याशी येऊन तो थबकला, सवयीने. मग त्याने मागून अनुजला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"काकू, मी आत येत नाही," तो धापा टाकत म्हणाला. "पण ह्याला बाहेर धरून ठेवतो."

संपदा पुढे आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग मशिनवरचं घड्याळ उचललं आणि बाहेर रस्त्यावर फेकलं. "मी येणार नाही," ती म्हणाली. एवढंच. आणि तिने वर हात करून शटर धरलं. ती उंचीने कमी पडत होती, म्हणून काकूने आकडी अडकवली, आणि दोघींनी मिळून ते खाली ओढलं.

बाहेर बराच वेळ आरडाओरडा चालला. मग जितेंद्र त्याला हाताला पट्टी घालायला घेऊन गेला. आत संपदा पोरीच्या कपाळावर बर्फ दाबत होती, टेंगूळ चांगलं लिंबाएवढं आलं होतं. आता रडू आलं होतं दोघींना. काकू म्हणाली, "संध्याकाळी पोलिस ठाण्यात जाऊ. साक्ष मी देईन. हात मोडला तेही मीच सांगेन, काय व्हायचं ते होऊ दे."

"आई, तुमचा मुलगा आहे तो."

"माहीत आहे मला कोणाचा आहे तो," काकू म्हणाली आणि डोळे पुसले.

तडकलेल्या काचेमागे मशीन चालूच होतं. काळा कोट खांदे उडवत कोणीतरी बसायची वाट बघत होता. नेत्रा हुंदके देत तिकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात आपोआप फ्रॉकला पुसत होता, पुन्हा पुन्हा. काकूला ते बघवेना. तिने कलंडलेलं स्टूल सरळ केलं आणि बसली.

"ये. बस माझ्या बाजूला."

"नको आजी."

"बस म्हणते ना."

पोर बसली. काकू तिला सोडत नव्हती, खरंच मारत होती, आणि पोरही भिडली. तड्याच्या एका बाजूला म्हातारीची बाई, दुसऱ्या बाजूला पोरीची. नाकातून रक्त, कोपऱ्यात लोळण, पुन्हा उठणं. काकूची पट्टी सुतासारखी झाली. नेत्राचा हात बटणावरून उचलला गेला.

"हात खाली!" काकू एवढी ओरडली की संपदा दचकली. "हात पुसायचा नाही. मार मला!"

"आजी..."

"मार म्हणते! कोणी काही करणार नाही तुला. मार!"

नेत्राने डोळे मिटले नाहीत. ओठ दाताखाली धरला आणि बटण दाबलं. आजीची बाई मागे उडाली, मान मोडली, लाल ठिपके काचेच्या तड्यावर पसरले. पोरीने झटकन मान वळवून आजीच्या हातांकडे बघितलं, ते कुठे जातायत ते. हात मांडीवर होते. बोटं सुजलेली.

"हरले," काकू म्हणाली. शिकल्यापासून ह्या मशिनवर ती पहिल्यांदा खरोखरची हरली होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि तिने स्टूल संपदाकडे सरकवलं.

"बस."